डावावरच्या बाया

गिरणीत रातपाळीच्या सुट्टीत पत्ते पडतात. मागं एकानं डावात सगळी उचल घालवली आन् वरून बायकोची जोडवी लावली. दुसऱ्या दिवशी ती बाई गेटवर आली. तिला कुणी आत सोडलं नाही, आन् खेळणारांपैकी एकही बाहेर गेला नाही. मीही गेलो नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढं मी दुसऱ्यांना नावं ठेवणार आहे.

त्याच आठवड्यात नगरला माळीवाडा स्टँडजवळ रद्दीत 'अमर चित्र कथा'ची दोन पुस्तकं मिळाली. 'द्रौपदी' आणि 'नल दमयंती'. दोन्ही फासे खेळणाऱ्यांच्या गोष्टी. अनंत पै यांनी 1967 साली ही मालिका सुरू केली, आणि शिकल्यासवरल्या घरातल्या पोरांना ठाऊक असलेलं महाभारत बरंचसं इथूनच आलेलं. आता ती आपल्या वस्तीतही येतात. म्हणून बोललं पाहिजे.

खेळणाऱ्याला सुटायला वाट ठेवलेली असते. नळ हरला, कारण त्याच्या अंगात कली शिरला. धर्मराज हरला, कारण शकुनीनं कपट केलं. बाईला असली सवलत नाही. दमयंतीचंच बघा. नवरा रानात झोपेत टाकून गेला. तिनं त्याला शोधायला ब्राह्मण पाठवले, खोट्या स्वयंवराचा बेत रचला, त्याच्या हातच्या जेवणावरून त्याला ओळखलं. सगळ्या गोष्टीत डोकं एकटीचं चाललं. पण पुस्तक मिटल्यावर डोळ्यापुढं राहते ती रानात रडणारी गोरी, बारीक कमरेची बाई. आणि एक गोष्ट लोक सांगतच नाहीत. पुष्कर पहिल्यांदा म्हणला, दमयंतीला लाव, तेव्हा नळ उठून गेला. त्याचं केवढं कौतुक! पण वनपर्वात शेवटच्या डावात तोच नळ आपल्या तोंडानं तिला पणाला लावतो. जिंकला, म्हणून झाकून गेलं.

द्रौपदीच्या बाबतीत चित्र म्हणजे लुगडं. लांबच लांब लुगडं, आणि वर देव. त्या लुगड्याखाली तिचा प्रश्न दबला. आधी स्वतःला हरलेला माणूस मला कसा लावतो? सभेत खेळाचा कायदा तिला कळला होता, आणि भीष्माला उत्तर देता आलं नाही. इरावतीबाई कर्वे 'युगान्त'मध्ये हा प्रश्न म्हणजे द्रौपदीची चूकच झाली म्हणतात. मला नाही पटत. मार खाणाऱ्यानं कायदा विचारला की मारणारा चवताळतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून काय विचारायचंच नाही?

पण दोस्तहो, माझं भांडण द्रौपदीशीही आहे. सभापर्वात तिच्या कितीतरी आधी धर्मराज एक लाख दासी लावतो. तरण्या, दागिने घातलेल्या, सेवेत तरबेज. हरतो. सभेत कुणी हूं का चूं करत नाही. त्यांच्यासाठी लुगडं येत नाही. पुढं धृतराष्ट्र वर देतो तेव्हा द्रौपदी पहिल्यांदा काय मागते? धर्मराजाला सोडा, म्हणजे माझ्या पोराला कुणी दासपुत्र म्हणणार नाही. मग त्या लाखभर बायांच्या पोरांचं काय? हरलेलं धन परत मिळालं, त्यात त्याही परत आल्या. मालात माल. चित्रकथेच्या दरबारात अशा बाया मागं चवरी ढाळत उभ्या दिसतात. तोंड आहे, तोंडात शब्द नाही. आपल्या आज्या-पणज्यांना शोधायचं असेल तर त्या मागच्या रांगेत शोधा, सिंहासनाजवळ सापडायच्या नाहीत.

ही जुनी गोष्ट आहे म्हणू नका. 2013 ला सोनईत, 2014 ला खर्ड्यात, आपल्याच जिल्ह्यात, मुलीच्या नावावर पोरं मारली. घराण्याची अब्रू डावावर होती म्हणे. त्या मुलीला काय वाटत होतं? आपल्याही मोर्च्यात हे कुणी विचारलं का? मी घोषणा देत होतो, मीही विचारलं नाही.

याच चित्रकथावाल्यांनी 1979 ला बाबासाहेबांवर पुस्तक काढलं, हे मान्य केलं पाहिजे. पण आपल्या बाया काढायचं काम त्यांच्यावर सोडून चालणार नाही. आपल्यात हात बरा असलेली दोन-तीन पोरं-पोरी आहेत. पुढच्या अंकाला त्या दासींपैकी एकीचं चार चौकटींत चित्र द्या. स्टेन्सिलवर नुसती रेघ उमटते, रंग भरता येत नाही. गोरी का काळी हा प्रश्नच नाही. संवाद मी लिहितो, पण आधी गेटवर आलेल्या त्या बाईच्या घरी जाऊन येतो. जोडवी अजून परत गेलेली नाहीत.