‘अवतार’ शब्दाची भूल

मालवण तालुक्यांतील आचरा येथें रामेश्वराच्या देवळांत शिवलिंग पुजिलें जातें, आणि तेथेंच रामनवमीचा उत्सव थाटानें होतो. अजन्म्या देवाच्या दारीं देवाचा जन्म साजरा होतो, यांत गांवास विसंगति वाटत नाहीं. त्या नांवाचा विग्रह मात्र एकविध नाहीं. ‘रामाचा ईश्वर’ म्हटल्यास राम भक्त ठरतो. ‘राम ज्याचा ईश्वर’ म्हटल्यास शिव भक्त ठरतो. ‘राम तोच ईश्वर’ म्हटल्यास ईश्वर मनुष्य झाला असें होतें.

भाविकास तिन्ही अर्थ चालतात. संशोधकास चालूं नयेत. ‘अवतार’ या शब्दाचीहि हीच गत आहे. पोथ्यांची यादी करितांना तो शब्द दिसतांच सर्व ग्रंथ एका सदराखालीं घालणें आम्हांस सदोष वाटतें. महानुभाव पंचकृष्णांस परमेश्वराचे अवतार मानितात; त्यांत श्रीचक्रधर आहेत, राम नाहीं. फादर स्टीफन्सकृत ख्रिस्तपुराण १६१६ त राचोल येथें छापलें गेलें. त्यांत देव एकदांच मनुष्य होतो, आणि खरोखर मरण सोसतो. त्याच्या रोमन लिपींतील प्रतींत जेथें पोर्तुगीज संज्ञा आहेत, तेथें लंडन येथील मार्सडेन संग्रहाच्या देवनागरी प्रतींत बहुधा संस्कृत शब्द येतात. केवळ शब्दावरून मत ठरविणारा येथें फसेल.

सबब संग्राहकांस विनंती कीं, अवतार कोणाचा, किती वेळां, आणि मनुष्यदेह खरा कीं लीलेपुरता, हें प्रत्येक पोथीपुढें नोंदवावें. तें न केल्यास पोथी राहील. परंतु ती लिहिणारा काय मानीत होता, तें हरपेल.