उघडा आराखडा, बंद काटा

श्रीपूरच्या साखर कारखान्यावर ऊस घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याची काट्याबद्दल साधी अपेक्षा असते: दुसऱ्या काट्यावरही वजन तेवढेच भरावे. त्याला काट्याचा आराखडा दाखवला, पण पडताळणी करू दिली नाही, तर त्याचे समाधान होईल का? मुक्त हार्डवेअरच्या पुरस्कर्त्यांना आम्ही हाच प्रश्न विचारू इच्छितो.

मुक्त हार्डवेअर म्हणजे कोणालाही वाचता, बदलता व बनवता येईल असा प्रसिद्ध केलेला आराखडा. पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे नूतनीकरण झाले, तेव्हा ३० अँटेनांचे संकेत हाताळण्यासाठी ‘रोच’ हे मुक्त आराखड्याचे बोर्ड वापरले गेले. त्यांच्याकडून माहिती संगणकांकडे जाते ती इथरनेटने. मात्र तारेवर प्रत्यक्ष स्पंद सोडणारा व झेलणारा भाग चिपच्या पोटात बंदच राहिला. इथरनेटच्या या भागाला भौतिक स्तर म्हणतात.

तो खुला करणे अवघड का? १९९० च्या १० मेगाबिट इथरनेटमध्ये एका बिटाला १०० नॅनोसेकंद मिळतात आणि प्रत्येक बिटाच्या मध्यावर विद्युतदाब उलटतो. एफपीजीए, म्हणजे आतील जोडण्या आपल्याला हव्या तशा ठरवता येणारी चिप, आणि मोजके रोधक यांवर हे साधते. हौशी मंडळींनी ते करून दाखवले आहे. १९९९ च्या गिगाबिट इथरनेटमध्ये मात्र तारांच्या चारही जोड्यांवरून एकाच वेळी दोन्ही दिशांना पाच पातळ्यांचे संकेत धावतात. आपल्याच आवाजाचा प्रतिध्वनी वजा करून समोरच्याचे बोलणे ऐकण्यासारखे हे काम आहे.

या अडचणीबद्दल आमची तक्रार नाही. आमचा आक्षेप चाचणीविषयी आहे. ‘आमच्या टेबलावर चालले’ ही चाचणी नव्हे. दोन मीटर केबलवर चालणारी रचना १०० मीटरवर चालेलच असे नाही. हजार कोटी बिटांमागे सरासरी एकापेक्षा कमी चूक होते, असे ९५ टक्के खात्रीने म्हणायचे, तर तीन हजार कोटी बिट एकही चूक न होता जावे लागतात. १० मेगाबिटच्या वेगाने याला ३००० सेकंद, म्हणजे ५० मिनिटे लागतात. चार संदेश पोहोचले, एवढ्यावरून हा निष्कर्ष निघत नाही.

बंद चिपच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे, की तिच्या माहितीपत्रकात तापमानाच्या व विद्युतदाबाच्या मर्यादा छापलेल्या असतात. मुक्त आराखड्यासोबतही केबलची लांबी, तापमान, पाठवलेले बिट व झालेल्या चुका यांची नोंद हवी. म्हणजे दुसऱ्याला तीच चाचणी करून पाहता येईल. नुसती आकृती काढलेली, निरीक्षणतक्ता नसलेली प्रयोगवही आपण शिक्षक सही न करता परत देतो. मुक्त आराखड्यालाही तोच नियम लावावा.