‘भगिवण’ची पदवी

पुण्यातल्या एका कला महाविद्यालयाचं अंतिम वर्षाचं प्रदर्शन मे महिन्यात पाहिलं. नाव सांगत नाही. पुढे जे लिहितोय ते त्याच्या शेजारच्यालाही लागू आहे. एका पॅनेलसमोर थांबलो, कारण विषय आमच्या भागातला होता. उजनी धरणाच्या फुगवट्यातल्या मासळीचा ब्रँड. चिलापीचं पाकीट, बर्फाच्या पेटीवरचं लेबल, टेम्पोच्या पाठीवरचं चित्र, रोहित पक्ष्याच्या मानेच्या वळणातून काढलेलं बोधचिन्ह. रंग नेमके, मांडणी स्वच्छ, कागद महागडा. इंग्रजी नावाखाली बारीक देवनागरीत गावाचं नाव होतं, आणि ते ‘भगिवण’ असं वाचलं जात होतं.

‘भिगवण’ची पहिली वेलांटी ‘भ’च्या अलीकडे बसायची ती पलीकडे जाऊन ‘ग’च्या डोक्यावर बसली होती. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचा कंपोझर निवडला नाही की हे होतं. दुरुस्ती दोन क्लिकची. मुलाला मी दोष देत नाही. पण ते पॅनेल मार्गदर्शकाने पाहिलं असणार, विभागप्रमुखाने पाहिलं असणार, बाहेरून आलेल्या परीक्षकाने पाहून गुणही दिले असणार. पाहिलं सगळ्यांनी, वाचलं कुणीच नाही. मी तिथल्या एका प्राध्यापकांना दाखवलं तर म्हणाले, ‘‘फॉन्टचा प्रॉब्लेम आहे.’’ तिथून हा लेख सुरू झाला.

मुंबईचं १८५७चं जे. जे., १९३५ साली तिथे आलेला कमर्शियल विभाग, १९६१ साली वेगळी झालेली उपयोजित कला संस्था, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची सरकारी महाविद्यालयं, पुण्याचं अभिनव ही राज्यातल्या कलाशिक्षणाची जपमाळ वाचकांना पाठ आहे. २०२३ साली जे. जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला तेव्हा हारतुरे झाले. दुसरीकडे खासगी बी. डेस.ची लाट आहे. सोलापूर रस्त्याने पुण्याबाहेर पडलं की लोणी काळभोरलाच एमआयटीचं डिझाइनचं संकुल लागतं, २००६ पासूनचं. त्याच रस्त्याने पुढे, पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवर भिगवण आणि त्याच्याजवळच डाळजची गावं, नंबर एक, दोन आणि तीन. एका टोकाला पदवी आणि दुसऱ्या टोकाला तिचं गिऱ्हाईक, असं मी एसटीच्या खिडकीतून हा रस्ता बघत आलोय.

यंदाच्या प्रदर्शनांत यू.आय.-यू.एक्स.चे प्रकल्प म्हणजे एकाच ॲपचे तीस अवतार, पुढे जाऊ. ॲनिमेशनवाल्यांची पात्रं गेम कंपनीच्या नोकरीकडे तोंड करून उभी आहेत, त्यांना नोकरी मिळो. वारलीचं टी-शर्टीकरण या विषयावर बोलणं मी केव्हाच सोडलंय.

इलस्ट्रेशनवर मात्र दोन शब्द खर्च करायला हवेत, कारण ही आपली घरची इस्टेट होती. १९४५ साली ‘दीपावली’ काढणारे दीनानाथ दलाल, मुळगावकर, बाळ ठाकूर, वसंत सरवटे. यांतले सरवटे पेशाने स्थापत्य अभियंता. मराठी मध्यमवर्गाची पोटं, चष्मे आणि खांद्यावरच्या पिशव्या त्यांनी नोकरी सांभाळून टिपल्या. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकातलं मूल जमिनीवर कसं फतकल मारून बसतं ते बघा, आणि मग यंदाची ‘चित्रपुस्तकं’ बघा. लांबलचक हातपाय, लिंबाएवढं डोकं, जांभळी कातडी. आजीसुद्धा तशीच आणि आजीची म्हैससुद्धा. ही माणसं कुठल्याच तालुक्यात राहत नाहीत. निरीक्षणाची वही भरून घेणं बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाबरोबर संपतं. पुढची तीन वर्षं मुलं स्क्रीनवर इतरांची चित्रं बघून ‘स्टाइल’ शोधतात.

तरीही गेल्या पंचवीस वर्षांत आपल्याकडे या क्षेत्रात जे खरोखर मोठं काम झालं ते चित्राचं नाही, अक्षराचं आहे. र. कृ. जोशी जाहिरात क्षेत्रातून आले, आयआयटी मुंबईच्या आय. डी. सी. या डिझाइन केंद्रात शिकवलं, आणि संगणकावरची देवनागरी घडवली. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ त्यांचा. तुमचा सातबारा, पोराचा दाखला, ग्रामपंचायतीची नोटीस यांतलं काही ना काही त्या अक्षरात छापलं गेलेलं आहे आणि घडवणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नाही. त्याआधी निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींनी खिळे पाडले ते कुठल्या पदवीशिवाय. १९७१ साली बापूराव नाईकांनी देवनागरी मुद्राक्षरांवर तीन खंड लिहिले. आज किती डिझाइन महाविद्यालयांच्या कपाटात ते आहेत आणि कितींच्या कपाटाची किल्ली सापडते, हे एकदा मोजायला हवं. कमल शेडगे यांनी नाटकाचं नाव असं काढलं की जाहिरातीतलं अक्षर पाहूनच नाटक हसवणार की रडवणार ते कळावं. अच्युत पालवांनी मोडीला दप्तरातून बाहेर काढलं. आणि मग ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेची मंडळी: गिरीश दळवी, सारंग कुलकर्णी, नूपुर दात्ये आणि त्यांचे सोबती. ‘मुक्त’, ‘बलू’, ‘मोदक’ हे त्यांचे फॉन्ट आज कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. ‘मोदक’ तर बघाच. अक्षर इतकं फुगवलंय की आतली पोकळी फटीएवढी उरते, आणि तरीही जोडाक्षर वाचता येतं. हा खेळ नव्हे. जाड देवनागरीत शिरोरेषा, काना आणि गाठ यांच्यात जागेसाठी जी मारामारी असते, तिचा निवाडा आहे.

यांतले बरेच जण जे. जे. आणि आय. डी. सी.तूनच घडले, हे मला मान्य आहे. म्हणून तर राग येतो. ज्या संस्थांनी हे घडवलं त्यांच्यासकट साऱ्या अभ्यासक्रमांत देवनागरी अजून परसदारी आहे. अक्षरांकनाच्या चार शीट, एखादी सुलेखनाची कार्यशाळा, फेब्रुवारीत मराठी दिनाचं भित्तिपत्रक. बस.

आता गंमत पाहा. डाळजच्या शाळेतला मुलगा एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसतो. त्या शासकीय परीक्षांच्या भूमितीच्या पेपरात अक्षरलेखन आहे. तेरा-चौदा वर्षांचा पोरगा पट्टी लावून, चौकटी आखून अक्षर बसवतो, रबराने कागद फाटेपर्यंत खोडतो. मग तो कलाप्रवेशासाठी राज्याच्या सीईटीला किंवा डिझाइनसाठी आयआयटीच्या यूसीडला बसतो. सीईटीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. यूसीडचा पेपर अख्खा इंग्रजीत. म्हणजे दहावीच्या आत जे कौशल्य सरकारने मोजलं, ते पदवीच्या दारात कुणी विचारतही नाही. आत गेल्यावर ज्यूरीसमोर बोलायचं इंग्रजीत. पोरगा गप्प राहतो, आणि त्याच्या गप्प बसण्याला ‘कन्सेप्ट कच्ची’ असं नाव मिळतं. खासगीतल्या फीबद्दल बोलत नाही. उसाचं बिल किती आलं ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायची गरज नाही.

जो जात नाही तो फ्लेक्सच्या दुकानात बसतो. भिगवणात, इंदापुरात, बारामतीत अशी दुकानं आहेत. कोरल ड्रॉ, श्रीलिपी, आणि वाढदिवसांच्या तयार फाइलींनी भरलेली हार्ड डिस्क. या फ्लेक्सना नाकं मुरडण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मीही मुरडली आहेत. भिंतीवर ब्रशने सरळ रेघ मारून कोपऱ्यात बारीक सही करणारे पेंटर याच फ्लेक्सने घरी बसवले. पण त्या फ्लेक्सची रचना एकदा डिझाइन म्हणून वाचा. वरच्या पट्टीत नेते, कुणाचा फोटो किती सेंटिमीटर मोठा, कोण उजवीकडे, नुकताच पक्ष बदललेला कुठे सरकवायचा, खाली शुभेच्छुकांच्या रांगेत भावकीतलं कुणी सुटलं तर काय होईल. महाविद्यालयात ‘व्हिज्युअल हायरार्की’वर सहा तास व्याख्यानं होतात. इथे ती चुकली तर रात्री दहाला दुकानासमोर चार मोटरसायकली उभ्या राहतात. आणि वेलांटी? श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत ती टंकयंत्रासारखी अक्षराच्या आधीच साठवली जाते, म्हणून ती जागेवरच बसते. तरी चुकलीच तर गिऱ्हाईक छापलेला फ्लेक्स परत आणून टाकतं. कारण ते वाचतं.

या पोराला कुणी शिकवलेलं नाही. तो अक्षर आडवं ताणतो, त्याला पिवळी कड देतो, तिला लाल सावली देतो, त्या सावलीला पुन्हा चमक. ‘मुक्त’ फुकट मिळतो हे त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही, आणि पोचलं तरी त्याचं अर्धं काम जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत अडकलंय. या जिल्ह्यात सर्वांत जास्त डोळ्यांसमोर जाणारी देवनागरी तो रचतो आणि त्याच्यासाठी एक सहा महिन्यांचा, संध्याकाळचा, मराठीतला वर्गसुद्धा कुठल्या पदवीवाल्या संस्थेने काढलेला माझ्या पाहण्यात नाही. उलट दर वर्षी पदवीची मुलं ‘ग्रामीण टायपोग्राफी’ या प्रकल्पासाठी येतात, त्याच्या पाट्यांचे फोटो काढतात, जाडजूड पुस्तिका इंग्रजीत छापतात आणि परत जातात.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना लांबलचक निवेदन देण्यात अर्थ नाही, ते फाइलीत जाईल. दोनच गोष्टी करा. अंतिम वर्षाच्या प्रत्येक मुलाकडून दोनशे पानांचं एक मराठी पुस्तक अक्षरजुळणीपासून छपाईपर्यंत करून घ्या, मुद्रितशोधनासकट. ॲप नंतर करेल. आणि परीक्षेला बाह्य परीक्षक म्हणून एक वर्ष भिगवणच्या फ्लेक्सवाल्याला बोलवा. मानधन आणि प्रवासखर्च नियमाप्रमाणे द्या. एसटीचं तिकीट तो जपून ठेवेल. कन्सेप्टवर तो काही बोलणार नाही. पॅनेलसमोर उभा राहील, ओठ हलवत वाचेल आणि विचारेल, ‘‘हे कुठलं गाव म्हणायचं, सर?’’