फरारी मारेकरी आणि आपण वाचक

आमच्या धर्मग्रामातील वाचकमंडळाने गेल्या पावसाळ्यात एक इंग्रजी थरारकथा वाचावयास घेतली, तेव्हा काही ज्येष्ठ सभासदांनी नाके मुरडली. मंडळाची आजवरची वाटचाल संतचरित्रे, प्रवासवर्णने आणि मान्यवरांच्या कादंबऱ्या अशी सोवळी होती. परंतु तरुण सभासदांचा आग्रह मोडवेना. पुस्तक हातोहात फिरले, आणि प्रत्येकाने आपला अभिप्राय मंडळाच्या वहीत लिहावा असे ठरले. ती वही आता आमच्यापुढे आहे. पुस्तकाविषयी जेवढे लिहावेसे वाटते, तेवढेच या अभिप्रायांविषयीही लिहावेसे वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

कादंबरीचे नाव ‘द ग्रे मॅन’. अमेरिकन लेखक मार्क ग्रीनी यांची ही पहिलीच कादंबरी २००९ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यातून पुढे एक दीर्घ मालिका उभी राहिली. नायक कोर्टलँड जेंट्री, थोडक्यात ‘कोर्ट’. गर्दीत मिसळून गेला तर कोणाच्या ध्यानीमनी राहू नये असा हा माणूस; शीर्षकातील करडा रंग तो हाच. एकेकाळी तो सी.आय.ए.चा, म्हणजे अमेरिकन सरकारचा मारेकरी होता. एके दिवशी त्याच खात्याने त्याला दिसताक्षणी ठार करण्याचा हुकूम काढला. का, ते त्याला ठाऊक नाही. तेव्हापासून तो फरारी आहे आणि सर डोनाल्ड फिट्झरॉय या इंग्रज मध्यस्थामार्फत सुपाऱ्या घेऊन पोट भरतो. मात्र ज्याला मरणे योग्य आहे असे त्याला पटते, त्याचीच सुपारी तो घेतो. अशाच एका कामगिरीत नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षाचा भाऊ मारला जातो. राष्ट्राध्यक्ष एका बलाढ्य फ्रेंच कंपनीला नैसर्गिक वायूचे कंत्राट देण्यापूर्वी जेंट्रीचे मुंडके मागतो. कंपनी फिट्झरॉयच्या कुटुंबाला, त्याच्या दोन जुळ्या नातींसह, नॉर्मंडीतील एका वाड्यात ओलीस ठेवते आणि देशोदेशींच्या सरकारी मारेकऱ्यांची पथके जेंट्रीच्या मागावर सोडते. प्राग, बुडापेस्ट, स्वित्झर्लंड, पॅरिस असा मार्ग कापीत तो त्या वाड्याकडे निघतो. कथानक एवढेच.

आता अभिप्रायांकडे वळू. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाने लिहिले आहे : ‘एका बैठकीत संपवले. हा माणूस पैशासाठी मारतो, पण फक्त वाईटांनाच मारतो.’ एका निवृत्त गृहस्थांना नायकाचा शब्द पाळण्याचा गुण भावला. ‘सगळे जग त्याच्या जिवावर उठले असता तो पळून जाऊ शकला असता, दोन लहान मुलींसाठी तो मरणाच्या दिशेने चालत गेला.’ एका शिक्षिकाबाईंनी आपल्या शाळकरी दिवसांत बाबूराव अर्नाळकरांचे ‘झुंझार’ आणि ‘काळापहाड’ भूगोलाच्या पुस्तकाआड लपवून वाचल्याची कबुली दिली आहे आणि पुढे म्हटले आहे : ‘आमच्यातले कोणी त्यामुळे दरोडेखोर झाले नाही. मुलांना वाचू द्या.’

बाईंचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. मराठी माणसाची वाचनाची भूक ज्यांनी जागवली, त्यांत अर्नाळकरांचा वाटा मोठा आहे, आणि रहस्यकथा वाचून मुले बिघडतात हा समज आता सोडून द्यावयास हवा. शिवाय ग्रीनी यांचे कसब नाकारता येणार नाही. नायकाच्या देहावर प्रत्येक मुक्कामी नवी जखम होते आणि ती पुढच्या मुक्कामी बरी झालेली नसते. तो लंगडतो, रक्त गळते, ग्लानी येते. अनेक थरारकथांतील नायक न थकणारे असतात, हा थकतो. त्याच्या थकव्याने वाचकाच्या मनात त्याच्याविषयी माया उत्पन्न होते. आम्हीही ते पुस्तक मध्यरात्र उलटेपर्यंत हातावेगळे करू शकलो नाही, हे प्रांजळपणे सांगतो.

परंतु वहीत आणखी एक अभिप्राय आहे. तो अवघ्या चार ओळींचा आहे आणि सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून अनेक वर्षे काम केलेल्या एका माऊलीचा आहे. त्या लिहितात : ‘पुस्तकात किती माणसे मेली ते मोजता आले नाही. आमच्या वॉर्डात गुंड म्हणून पोलिसांनी आणलेला माणूस मेला, तरी बाहेरच्या बाकावर त्याचे कोणीतरी बसलेले असते. या पुस्तकात बाकावर कोणीच कसे नाही?’

हा प्रश्न वाचून आम्ही पुस्तक पुन्हा उघडले, आणि जे पहिल्या वाचनात वेगामुळे निसटले होते ते दिसू लागले. लेखक आपली संमती किती हुशारीने मिळवतो, पाहा. आरंभीचाच प्रसंग इराकमधला. पाडले गेलेले एक अमेरिकन हेलिकॉप्टर, त्याभोवती शत्रू, आणि दूर दडलेला जेंट्री. निघून जाणे त्याच्या हिताचे असते. तरीही तो बंदूक उचलतो. म्हणजे आपण त्याला प्रथम पाहतो ते परक्यासाठी जीव धोक्यात घालताना. पुढे दोन निष्पाप मुली संकटात येतात. एकदा मुलीचा जीव पणाला लागला की वाटेत आडवे येणारे कोणीही मेले तरी वाचक हिशेब मागत नाही. मागावर आलेली पथके तर देशांच्या नावांनीच ओळखावयाची : अमुक देशाचे आले, मेले, तमुक देशाचे आले, मेले. तीही सरकारी हुकमाने आलेली माणसे आहेत. जेंट्री काल जे होता, तेच ते आज आहेत. पण त्याला भूतकाळ आहे, थकवा आहे. त्यांना बहुधा नावही नाही. रुग्णालयाच्या बाकावर कोणी नाही, कारण लेखकाने तो बाकच कथेतून काढून टाकला आहे.

हिंसा फार आहे, अशी आमची तक्रार नाही. शुभवर्तमानाच्या शेवटीही क्रूस आहे आणि जुना करार तर रक्ताने भिजलेला आहे. तक्रार आहे ती निवाड्याविषयी. ‘तो फक्त वाईटांनाच मारतो’ हे वाक्य वहीत सहा ठिकाणी, वेगवेगळ्या अक्षरांत, आले आहे. ते वाईट आहेत हे ठरवले कोणी? पूर्वी खात्याने ठरवले, आता तो स्वतः ठरवतो. नायकाचे नाव ‘कोर्ट’ आहे खरे, पण कादंबरीभर कोठेही कोर्ट नाही : ना साक्ष, ना बचाव, ना अपील. आणि गंमत अशी की ज्या खात्याच्या यादीवर विश्वास ठेवून त्याने माणसे मारली, त्याच खात्याने त्याचेही नाव एके दिवशी यादीत घातले. तेव्हा मात्र तो आणि आपण दोघेही म्हणतो, हा अन्याय आहे. कारण शोधण्यासाठी तो वॉशिंग्टनला परततो ते २०१६ च्या ‘बॅक ब्लास्ट’ या पाचव्या कादंबरीत. यादी चुकू शकते हे त्याला स्वतःवरून कळले. मग त्याआधीच्या नावांचे काय? हा प्रश्न पहिल्या कादंबरीच्या उंबरठ्यावर उभा आहे. लेखक त्याला आत घेत नाही.

आमच्या मंडळातील एका माजी सैनिकाने लिहिले आहे की सैनिकही हुकमाने मारतो, तेव्हा एवढे मनाला लावून घेऊ नये. त्यांच्या सेवेविषयी आम्हांस आदर आहे. तरी भेद आहे. सैनिक गणवेशात उभा राहतो, त्याच्या हुकमावर कोणाची तरी सही असते आणि युद्धालाही कायदे असतात. गुप्त मारेकऱ्याच्या बाबतीत सरकार मुळात हुकूम दिल्याचेच नाकारते. ही केवळ कल्पना नव्हे. सिनेटर फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखालील अमेरिकन समितीने १९७५ साली या विषयावर अहवाल प्रसिद्ध केला. (आडनाव ‘चर्च’ हा योगायोग!) क्यूबाच्या फिडेल कॅस्ट्रोंना मारण्याचे १९६० ते १९६५ या काळात किमान आठ बेत झाल्याचा पुरावा समितीला मिळाला. काही बेतांत तर सरकारी खात्याने गुन्हेगारी टोळ्यांतील माणसांनाच हाताशी धरले होते. काँगोच्या पॅट्रिस लुमुंबांसाठी विष पाठवण्यात आले; ते वापरले गेले नाही, लुमुंबांना जानेवारी १९६१ मध्ये इतरांनी ठार केले. १९७६ साली राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी आपल्या सरकारी नोकरांना राजकीय हत्या करण्यास मनाई करणारा आदेश काढला. २००१ नंतर ड्रोन विमानांतून माणसे टिपण्याची पद्धत रूढ झाली आणि तो वाद पुन्हा जागा झाला. खरा इतिहास हा असा : विषारी लेखणी, फसलेले बेत, आणि कोणी काय सांगितले हे कोणालाच नेमके न आठवणे. कादंबरीतील नेमबाज सफाई त्यात कोठेही दिसत नाही.

मग फरारी मारेकऱ्याची गोष्ट सांगूच नये काय? अवश्य सांगावी. ती फार जुनी गोष्ट आहे. उत्पत्तीच्या पुस्तकातील काइन हा पहिला खुनी आणि पहिला फरारीही. पण तेथे खुन्याला प्रथम विचारले जाते ते मेलेल्या भावाविषयी. आणि नंतर त्याच खुन्याला कोणी मारू नये म्हणून त्याच्यावर खूण केली जाते. मेलेलाही मोजला जातो, मारणाराही मोजला जातो. थरारकथेच्या लेखकांना हे नाव अपरिचित नाही. रॉबर्ट लुडलम यांच्या १९८० च्या ‘द बोर्न आयडेंटिटी’मध्ये समुद्रातून वाचवलेल्या, स्मृती गमावलेल्या नायकाला हळूहळू कळते की ‘काइन’ या नावाचा कुख्यात मारेकरी म्हणजे आपणच. तो हादरतो, मी खरोखर असा होतो काय, या भयाने पोखरला जातो. कादंबरीचा हा भाग आम्हांस फार मोलाचा वाटतो. शेवटी मात्र लेखक त्याची सुटका करतो : ते सारे एका मोठ्या मारेकऱ्याला पकडण्यासाठी सरकारने रचलेले सोंग होते. वाचकाचा जीव भांड्यात पडतो. पण प्रश्नाचे उत्तर मिळालेले नसते, प्रश्नच मागे घेतलेला असतो.

या दोहोंच्या कितीतरी आधी, १९३६ साली, ग्रॅहम ग्रीन यांनी ‘अ गन फॉर सेल’ लिहिली. प्रौढपणी कॅथलिक झालेले हे इंग्रज लेखक स्वतःच या पुस्तकाला ‘करमणूक’ म्हणत. त्यातील रेव्हन हा दुभंगलेल्या ओठाचा, कोणालाही नकोसा झालेला भाडोत्री मारेकरी. तो सरकारचा नव्हे, एका पोलाद कारखानदाराचा. तो एका वृद्ध मंत्र्याला आणि त्यांच्या चिटणीस बाईला ठार मारतो, मोबदला म्हणून चोरीच्या नोटा त्याच्या हाती पडतात आणि तो फरारी होतो. जेंट्रीपेक्षा तो कितीतरी वाईट माणूस आहे. पण मग त्याला कळते की ज्याला आपण मारले, तो म्हातारा आपल्यासारखाच दारिद्र्यातून वर आलेला, गरिबांच्या बाजूचा होता. मेलेल्याला चेहरा येतो. त्या क्षणापासून रेव्हनची धावपळ ही निव्वळ धावपळ राहत नाही. थराराचा वेग जराही कमी न करता हे साधता येते, हे ग्रीन यांनी दाखवून दिले आहे. म्हणून ‘थरारकथेकडून एवढी अपेक्षा कशाला?’ हा आक्षेप आम्हांस पटत नाही.

‘द ग्रे मॅन’वर २०२२ साली चित्रपट निघाला. तामिळ अभिनेता धनुष त्यात आहे म्हणून आपल्याकडील घराघरांतून तो पाहिला गेला. त्यातील धनुषचा मारेकरी शेवटी आपल्याला काम देणाऱ्यांकडे पाठ फिरवतो. बोलपट म्हणून तो चकचकीत आहे. पण त्या एका वळणापुरता का होईना, सुपारी घेणारा माणूस ‘हे कोणासाठी?’ असे स्वतःला विचारतो, एवढे श्रेय त्याला द्यावयास हवे.

काही पालकांनी आम्हांस विचारले की ही कादंबरी मुलांच्या हाती द्यावी की नाही. मोठ्या मुलांना द्यावी, आणि त्यांच्याबरोबर स्वतःही वाचावी, असेच आमचे उत्तर आहे. पुस्तक काढून घेतल्याने प्रश्न विचारण्याची सवय लागत नाही. आपण रोज वर्तमानपत्रात चकमकीच्या बातम्या वाचतो आणि ‘बरे झाले, गुंडच होता’ असे म्हणून पान उलटतो. ते वाक्य आणि वहीतले ‘फक्त वाईटांनाच’ हे वाक्य सख्खी भावंडे आहेत. कादंबरीने ते आपल्या तोंडी घातले असे नव्हे. ते आधीपासून आपल्या तोंडी होते, म्हणून कादंबरी आपल्याला इतकी गोड लागली. परिचारिका माऊलींनी तो घास मध्येच थांबवला, याबद्दल मंडळ त्यांचे ऋणी आहे.

त्यांचा अभिप्राय बैठकीत वाचून दाखवला, तेव्हा एका बैठकीत पुस्तक संपवणारा तो विद्यार्थी काहीसा ओशाळला. आठवड्याने त्याने वही मागून घेतली आणि आपल्या जुन्या अभिप्रायाखाली लिहिले : ‘पुन्हा वाचतो आहे. या वेळी मोजतो आहे.’ पुढील बैठकीसाठी मंडळाने ग्रीन यांची कादंबरी निवडली आहे. सुचवली ती त्यानेच.