छायाचित्रावर ओढलेला रंग : गेरहार्ड रिश्टर आणि आमचा अल्बम

गेरहार्ड रिश्टर ह्या जर्मन चित्रकाराने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून एक प्रयोग वर्षानुवर्षे चालविला. घरगुती कॅमेऱ्याने टिपलेली, साधारण दहा बाय पंधरा सेंटिमीटर आकाराची छायाचित्रे तो घेतो. त्यांत बायको, मुले, सहली, बाग असे कोणत्याही घरात आढळणारे विषय असतात. मोठे अमूर्त चित्र करताना रंग ओढण्याच्या पट्टीला जो ओला रंग उरतो, त्यावरून तो ही छायाचित्रे ओढून काढतो. क्षणार्धात मुलाचा चेहरा हिरव्या-लाल थराखाली जातो, एखादा हात तेवढा बाहेर राहतो. न साधलेली अनेक चित्रे तो टाकून देतो. उरलेल्यांत छायाचित्राचे आणि रंगाचे नाते विलक्षण जिवंत असते. ही चित्रे सुंदर आहेत, हे प्रथमच मान्य केले पाहिजे.

धम्माच्या अभ्यासकाला येथे लगेच अनित्यता आठवेल. रूप क्षणोक्षणी पालटते, संज्ञा त्यावर नावाचा शिक्का मारते, आणि रंगाचा एक ओघ तो शिक्का पुसून टाकतो, असे विवेचन सहज करता येते. अमूर्त चित्रकलेची बौद्ध विचाराशी अशी सांगड आपल्याकडेही घातली गेली आहे. नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) झेन विचाराकडे ओढले गेले होते, आणि त्यांच्या कॅनव्हासांविषयी लिहिणारा प्रत्येक जण त्याचा उल्लेख करतो. परंतु अनित्यतेचे सूत्र लावले की चित्र समजले, असे आम्ही मानीत नाही. काय अनित्य झाले, कोणाचे झाले आणि कोणाच्या हातून झाले, हे प्रश्न प्रतीत्यसमुत्पाद मानणाऱ्याने टाळता कामा नयेत.

रिश्टरचा स्वतःचा अल्बम ह्या प्रश्नांनी भरलेला आहे. त्याचा जन्म १९३२ साली ड्रेस्डेनचा. १९६५ मध्ये त्याने घरच्या जुन्या छायाचित्रांवरून दोन चित्रे केली. एकात जर्मन सैन्याच्या गणवेशात हसत उभा असलेला मामा रूडी आहे. दुसऱ्यात तान्ह्या रिश्टरला घेतलेली मावशी मारियान आहे. मनोरुग्ण ठरवून नाझी राजवटीने तिचा बळी घेतला. दोन्ही चित्रे त्याने मुद्दाम धूसर केली. मारणाऱ्यांच्या सैन्यातला शिपाई आणि मारली गेलेली स्त्री, दोघेही एकाच घरातले. जर्मन मध्यमवर्गाचा अल्बम असा गच्च भरलेला होता, आणि त्यातून दिसणारे पुष्कळदा सोसवत नव्हते. तेथे धूसर करण्याला, झाकण्याला अर्थ आहे.

आमचा अल्बम मात्र उशिरा सुरू झाला. कोपरगाव तालुक्यातील कोणत्याही उपासकाच्या घरी विचारावे : पणजोबांचा फोटो आहे काय? बहुधा नसतो. आजोबांचा असतो तोही लग्नातला, नाहीतर पडद्यासमोर स्टुलावर बसवून काढलेला, डोळे ताणलेले, सदरा उसना. ह्या उणिवेमुळेच एक फोटो घरोघर आपल्याच कुटुंबाचा होऊन बसला आहे. फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात काढलेल्या त्या फोटोत बाबासाहेब, रमाई, यशवंत, लक्ष्मीबाई, मुकुंद आणि टॉबी कुत्राही आहे. पुढच्याच वर्षी, २७ मे रोजी, रमाई गेल्या. १३ ऑक्टोबरला आमच्या शेजारच्या येवल्यात बाबासाहेबांनी ती घोषणा केली. आज येवल्याच्या मुक्तिभूमीसमोर सहकुटुंब उभे राहून फोटो काढणाऱ्या माणसाला आपण कोणता अल्बम पुढे नेत आहोत, हे सांगावे लागत नाही.

म्हणून पुण्याच्या राज्यश्री गुडी ह्यांचे काम आम्हांस महत्त्वाचे वाटते. ‘ईट विथ ग्रेट डिलाइट’ ह्या मालिकेत त्यांनी आपल्या आईकडच्या नातेवाइकांची जुनी छायाचित्रे मांडली. त्यांत माणसे जेवत आहेत, एकमेकांना भरवीत आहेत, हसत आहेत. त्यांच्यावर रंगाचा एक फटकाराही नाही. भुकेला, वाकलेला, हात पसरलेला दलित पाहण्याची सवय झालेल्या डोळ्याला हे जेवण नवे आहे. ‘असे फोटो कोणाच्याही घरी असतात’ हा आक्षेप कोणी घेईल. आमच्या मते तेच त्यांचे बळ आहे. गुडी ह्यांना अमूर्ताचे वावडे नाही. मनुस्मृतीच्या प्रतींचा लगदा करून त्यांनी त्यातून वस्तू घडविल्या आहेत. काय विरघळवावे आणि काय जसेच्या तसे ठेवावे, ही निवड त्यांनी डोळसपणे केली आहे. तक्रार एकच : हे सारे मोठ्या शहरांतील आणि परदेशांतील दालनांत भरते, आणि ज्यांच्या पंगतीचे हे फोटो आहेत त्यांच्या भाऊबंदांपर्यंत पोचत नाही.

गोदाकाठच्या वस्त्यांत झाकलेले फोटो आम्ही पाहिलेले आहेत. पुराचे पाणी घरात शिरते, काचेच्या आतला कागद फुगतो, आणि आजीच्या चेहऱ्यावर तपकिरी-जांभळा डाग चढतो. रिश्टरच्या चाहत्याला तो डाग कदाचित मोहक वाटेल. घरच्यांना तो मोहक वाटत नाही, कारण दुसरी प्रत नसते. नदीकाठची सखल जागा कोणाच्या वाट्याला आली, हेही त्या डागात आहेच.

तरीही रिश्टरपासून शिकण्याजोगे एक काम आहे. ऑगस्ट १९४४ मध्ये ऑश्विट्झ-बिर्केनाऊच्या छळछावणीतील कैद्यांनी जिवावर उदार होऊन चोरून चार छायाचित्रे काढली होती. रिश्टरने ती चार कॅनव्हासांवर उतरविली आणि थरावर थर चढवीत गेला, इतका की मूळ काहीच दिसेना. २०१४ च्या ह्या चित्रांना त्याने ‘बिर्केनाऊ’ असे नाव दिले. त्या प्रेतांचे चित्र रंगविण्याचा अधिकार आपल्याला नाही, अशी कबुली आम्हांस त्या थरांत दिसते. पण चित्रांसोबत त्याने मूळ चार छायाचित्रांच्या प्रतीही मांडल्या.

खैरलांजी (२००६), आणि आमच्याच जिल्ह्यातील सोनई (२०१३) व खर्डा (२०१४) ह्यांनंतर हा प्रश्न आमच्याही चित्रकारांपुढे आहे. अशा प्रत्येक हत्याकांडानंतर प्रेतांचे फोटो हातोहात फिरतात, आणि घरच्या भिंतीवरचा हसरा फोटो मोर्चाच्या फलकावर जातो. पहिला फोटो रंगाखाली झाकण्यात करुणा असू शकेल. दुसरा झाकला तर मारणाऱ्याचेच काम पुरे होईल.

घरच्या फोटोंवर अमूर्ताचे प्रयोग करू पाहणाऱ्या आमच्या तरुण चित्रकारांना आम्ही अडवीत नाही. त्यांनी रंग अवश्य ओढावा, पण प्रतीवर. मूळ फोटो घरीच राहावा, आणि त्याच्या मागे नाव, गाव, साल लिहिलेले असावे. लिहिणाऱ्या वडीलधाऱ्यांना विचारण्याची सवड अजून आहे.