हर्बर्टच्या कवितेंतील प्रभुभोजन

धर्मपर काव्य वाचतांना एक शंका नेहमीं आडवी येते. ज्या श्रद्धेंतून तें जन्मलें ती श्रद्धा ज्याची नाहीं, त्याला त्याचा खरा आस्वाद घेतां येईल काय? जॉर्ज हर्बर्ट ह्या इंग्रज कवीनें ‘लव्ह’ ह्या नांवाच्या तीन कविता लिहिल्या. त्यांतील शेवटची ह्या शंकेची चांगली कसोटी आहे. कारण तिचा विषय प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ती उपासनेंतील अत्यंत अंतरंगाचा विधि.

हर्बर्टचा जन्म १५९३ चा. केंब्रिज विद्यापीठाचा अधिकृत वक्ता म्हणून त्यानें मान मिळविला. पुढें १६३० मध्यें तो सॉल्सबरीजवळच्या बेमर्टन ह्या खेड्यांत पाद्री झाला, आणि १६३३ मध्यें चाळिशी गांठण्यापूर्वींच वारला. त्याच वर्षीं ‘द टेंपल’ हा त्याचा संग्रह प्रसिद्ध झाला. भाकर व द्राक्षारस ह्यांत ख्रिस्ताचें सान्निध्य कोणत्या अर्थानें असतें, ह्या वादानें तत्पूर्वींच्या शतकांत युरोप हालवून सोडला होता. १५२९ मध्यें मारबुर्ग येथें ल्यूथर व झ्विंग्ली ह्यांचें ह्याच प्रश्नावर फाटलें. हर्बर्टच्या ह्या अठरा ओळींत त्या वादाचा मागमूसही नाहीं. येथें पेला नाहीं, वेदी नाहीं. प्रेम हा यजमान आहे, आणि दारांत घुटमळणारा एक पाहुणा आहे, एवढेंच.

पाहुणा प्रत्येक आमंत्रणाला कांहींतरी कारण काढतो. आपण मलिन आहों, अपात्र आहों, यजमानाकडे पाहण्याचेंही आपल्याला धैर्य नाहीं, असें त्याचें म्हणणें. बरींच वर्षें मीं ही कविता वर्गांत विनयाचा नमुना म्हणून शिकविली. ती माझी चूक होती, असें आतां वाटतें. यजमान ज्या गोष्टीशीं झगडत आहे ती हा विनयच होय. आपल्या अपात्रतेचा निवाडा आपणच करावा, शिक्षाही आपणच ठरवावी, आणि अगदींच निरुपाय झाला म्हणजे सेवेची अट घालून आंत यावें, ह्यांत एक सूक्ष्म अहंकार आहे. पाहुण्याला ऋण फेडण्याची सोय हवी आहे. प्रेम ती सोय ठेवीत नाहीं. न कमावलेलें स्वीकारणें हीच येथली सर्वांत कठीण साधना.

एक बारीक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. इंग्लंडच्या चर्चमध्यें प्रभुभोजन गुडघे टेकून घेण्याची रीत. तिला प्यूरिटन पंथीयांचा विरोध होता. हर्बर्ट रीत पाळणारा. ग्रामीण पाद्रीच्या कर्तव्यांवरील त्याचा ग्रंथ १६५२ मध्यें निघाला. त्यांत तो म्हणतो कीं, भोजन आहे म्हणून बसणेंच उचित. परंतु माणसाची तयारी अपुरी, म्हणून गुडघे टेकावे. आतां कवितेचा शेवट पाहावा. पाहुणा बसतो आणि जेवतो. देवळांत जें अंतर पाळावें लागतें, तें येथें यजमानानेंच पुसून टाकलें आहे. ती शेवटची ओळ आंखूड, साध्या शब्दांची आहे. इतक्या वादानंतर पाहुण्याजवळ बोलण्यासारखें कांहीं उरलेलें नाहीं.

आपल्या संतकथांत देव भक्ताघरीं पाहुणा होतो: विदुराच्या कण्या खातो, नामदेवाच्या हातचा नैवेद्य घेतो. येथें देव वाढणारा, आणि ख्रिस्ती भावनेप्रमाणें वाढलेलें अन्नही तोच. पंगतींतील आग्रह ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हा संवाद परका वाटणार नाहीं. तथापि त्याचा केवळ एक सौजन्यप्रसंग करणें बरें नव्हे. पाहुण्याचा दोष यजमानानें आधींच आपल्या माथीं घेतला आहे. ह्या आग्रहामागें क्रूसाचें मोल आहे.

पहिल्या शंकेचें उत्तर एका वाचिकेच्या चरित्रांत सांपडतें. सिमोन वेल ही फ्रेंच विदुषी ज्यू कुटुंबांतली, अज्ञेयवादी वातावरणांत वाढलेली. १९३८ मध्यें सोलेम येथील मठांत ह्या इंग्रज कवींची तिला ओळख झाली. तिनें ही कविता पाठ केली, आणि असह्य डोकेदुखीच्या वेळीं ती म्हणत असे. केवळ एक सुंदर कविता म्हणून म्हणतांना ख्रिस्ताचें सान्निध्य आपल्याला प्रत्यक्ष जाणवलें, असें तिनें पुढें लिहिलें. तरीही बाप्तिस्म्याला ती दीर्घकाळ नकारच देत राहिली, आणि चर्चच्या उंबरठ्यावर, कवितेंतल्या पाहुण्यासारखीच, थांबली.

तेव्हां ह्या कवितेकडे येतांना श्रद्धेचा दाखला दाखवावा लागत नाहीं, असें मला वाटतें. मात्र जो ती शेवटपर्यंत वाचील, त्याला स्वतःस एक प्रश्न विचारावा लागतो: न कमावलेलें प्रेम मला घेतां येतें काय? त्याचें उत्तर मला अद्याप सोपें वाटत नाहीं.