न वर्णिलेला चेहरा

आर. जे. पलासिओ यांची ‘वंडर’ ही अमेरिकन कादंबरी २०१२ साली प्रसिद्ध झाली. तिची गणना बालवाङ्मयात होते. पण तेवढ्यावरून तिच्या निवेदनरचनेकडे दुर्लक्ष करणे युक्त होणार नाही. जन्मतःच मुखास्थींची घडण वेगळी असलेला, सत्तावीस शस्त्रक्रिया सोसलेला दहा वर्षांचा ऑगस्ट पुलमन न्यूयॉर्कमधील एका शाळेत पाचव्या इयत्तेत दाखल होतो. तोवर त्याने शाळा पाहिलेली नसते. रूपापलीकडे पाहावे, असा बोध करणाऱ्या कथांची वाण नाही. प्रश्न आहे तो असा की, ज्याला पाहून इतर मुले दचकतात त्याची ओळख शब्दांनी करून द्यावयाची, तर आरंभ कोठून करावा?

पहिल्या भागाचा निवेदक स्वतः ऑगस्ट आहे आणि आपल्या चेहऱ्याचे वर्णन करण्याचे तो प्रारंभीच नाकारतो. ते सविस्तर येते दुसऱ्या भागात, त्याची बहीण व्हिया हिच्या निवेदनात. तोवर त्याचा विनोद, त्याचे भय, त्याचे ‘स्टार वॉर्स’चे वेड वाचकाच्या परिचयाचे झालेले असते. शाळेतील मुलांना आधी चेहरा दिसतो, मग आवाज ऐकू येतो. वाचकापुरता हा क्रम उलटा होतो. २०१७ च्या चित्रपटाला ही सवलत नव्हती. अंतराळवीराच्या शिरस्त्राणाआड त्याला तो चेहरा काही काळ लपविता आला, इतकेच.

मैत्रीचा प्रसंगही असाच शब्दांतून घडतो. मधल्या सुट्टीत ऑगस्ट एकटा जेवत असता समर नावाची मुलगी आपण होऊन त्याच्यापाशी येऊन बसते. तिच्या नावाचा अर्थ उन्हाळा, त्याचे नाव उन्हाळ्यातील महिन्याचे. म्हणून उन्हाळी नावाच्या मुलांनाच या टेबलाशी जागा, असा खेळ दोघे रचतात. (मराठीत ही कोटी उतरणे कठीण, आपला ऑगस्ट श्रावणात भिजलेला.) लेखिकेने समरला देवदूत केलेले नाही, हे विशेष. पहिल्या दिवशी आपल्याला कीव आली होती, असे तीच सांगते. पुढे ती बसत राहिली, ती त्याच्या संगतीत गंमत वाटू लागली म्हणून.

याउलट जॅकची मैत्री नेमून दिलेली. नव्या मुलाला सांभाळून घ्या, असे मुख्याध्यापकांनी ज्या तिघांना सांगितले, त्यांतला तो एक. हॅलोविनच्या दिवशी ऑगस्ट ऐनवेळी पोशाख बदलतो. मुखवट्याआड तोच आहे हे न ओळखता जॅक ज्युलियनपाशी बोलून जातो की, आपला चेहरा असा असता तर आपण जीव दिला असता. वर्षातून ज्या एका दिवशी कोणी ऑगस्टकडे वळून पाहत नाही, त्याच दिवशी हा घाव बसतो. आणि तो नजरेचा नव्हे, एका संकेतार्थी वाक्याचा असतो. पुढे ऑगस्टच्या अबोल्याचे कारण जॅकला कळते, तेही समरने त्या मुखवट्याचे नुसते नाव उच्चारल्यामुळे. संबंध कादंबरीतील हा सर्वांत कसदार भाग होय.

शेवट मात्र सैल आहे. ऑगस्टला पदक मिळते, सभागृह उभे राहून टाळ्या वाजविते. समरला त्याच्याजवळ बसताना अशा कोणत्याही गौरवाची गरज भासली नव्हती, हे लेखिकेच्या ध्यानात राहिलेले दिसत नाही. दुसरी उणीव ज्युलियनची. सहा मुलांच्या तोंडून कथा सांगितली जाते. परंतु ऑगस्टचा द्वेष करणाऱ्या या मुलाला मूळ ग्रंथात निवेदनाचा अधिकार नाही. परिणामी वाचक त्याला केवळ बाहेरूनच पाहतो. ही उणीव खुद्द लेखिकेलाही जाणवली असावी; २०१४ साली तिने ज्युलियनच्या निवेदनाचे एक स्वतंत्र प्रकरण प्रसिद्ध केले.